मोत्या घरात ओकला तर?

ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना पुढील प्रसंग नवा वाटणार नाही. मोत्या चांगला तीन वर्षांचा आहे, वळण लागलेला आहे. बाहेर जायचे असले की दाराशी जाऊन उभा राहील, पण घरात कधी घाण करणार नाही. आणि एके दिवशी सकाळी पाहावे तो बैठकीच्या खोलीत, तेही नेमके सतरंजीवर, पिवळसर फेसाचे थारोळे! मग घरात दोन गोष्टी एकदम होतात. कोणीतरी मोत्यावर ओरडते, आणि कोणीतरी फिनेलची बादली घेऊन धावते. यांतील पहिली गोष्ट निरुपयोगी आहे आणि दुसरी घाईची आहे. असे का, हे कळण्यासाठी उलटी म्हणजे नेमके काय होते, हे आधी पाहू या.

वळण आणि प्रतिक्षिप्त क्रिया

कुत्र्याला घराबाहेर विधी करण्याचे वळण लावता येते, याला कारण त्याच्या शरीराची रचना आहे. गुदद्वाराशी व मूत्रमार्गाशी कड्यासारखे स्नायू असतात. त्यांपैकी बाहेरचा स्नायू इच्छेच्या ताब्यात असतो. 'थोडा वेळ थांब' हे त्या स्नायूला शिकवता येते. लहान मुलालाही आपण हेच शिकवतो.

उलटीचे तसे नाही. गुडघ्याच्या वाटीखाली हलकेच ठोकले की पाय आपोआप उडतो, नाकात धूळ गेली की शिंक येते. उलटी ही याच जातीची, म्हणजे प्रतिक्षिप्त क्रिया आहे. फक्त पुष्कळच गुंतागुंतीची. ती सुरू होण्यापूर्वी कुत्रा अस्वस्थ होतो, ओठ चाटतो, पुन:पुन्हा आवंढा गिळतो. तोंडात भराभर लाळ सुटते. ही लाळ सौम्य अल्कधर्मी असल्यामुळे येऊ घातलेल्या आम्लापासून अन्ननलिकेचे व दातांचे थोडेफार रक्षण होते. मग लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात एक उलटी लाट उठते. एरवी अन्न पुढे ढकलणारे आतडे आता आपल्यातील द्रव मागे, जठरात ढकलते. यानंतर उमासे सुरू होतात : श्वासपटल आणि पोटाचे स्नायू एकाच वेळी आवळले जातात आणि पोट भात्यासारखे हलते. शेवटी अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे द्वार सैल पडते, श्वासनलिकेचे तोंड बंद होते आणि जठरातील पदार्थ जोराने बाहेर फेकले जातात. इतक्या अवयवांची इतकी अचूक कवायत चाललेली असताना कुत्र्याला तिच्यात 'नाही' म्हणायला जागाच उरत नाही.

तेव्हा मोत्याने वळण मोडलेले नाही. त्याला रागावून काय होते? आपण का रागावलो, हे त्याला कळत नाही. ओकताना माणूस जवळ असला की मार बसतो, एवढेच तो शिकतो. पुढच्या वेळी तो खाटेखाली जाऊन ओकतो, किंवा ओकलेले घाईघाईने परत गिळून टाकतो. मग तो आजारी आहे, हे तुम्हाला दोन दिवस समजतही नाही. नुकसान कोणाचे झाले?

मेंदूतील कवायत-मास्तर

ही कवायत घेणारे केंद्र मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत असते. त्याला हुकूम चार वाटांनी मिळू शकतो. पहिली वाट जठर व आतडी यांच्याकडून येणाऱ्या मज्जातंतूंची. दुसरी कानातील तोल सांभाळणाऱ्या भागाकडून येते. घाटातल्या वळणांवर मोटारीत काही कुत्र्यांना उलट्या होतात त्या या वाटेने. तिसरी मेंदूच्या वरच्या भागांकडून, भीती किंवा क्षोभ यांची. आणि चौथी वाट रक्ताची. ही शेवटची फार मजेदार आहे.

रक्तातील नको ते पदार्थ मेंदूत शिरू नयेत म्हणून मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंती फार दाट विणीच्या असतात. पण लंबमज्जेवर एक इवलासा ठिपका असा आहे की तेथे ही वीण मुद्दाम सैल ठेवल्यासारखी आहे. रक्तात विष आले तर ते येथील पेशींना ताबडतोब 'चाखता' येते. अमेरिकेतील बोरिसन आणि वांग या शास्त्रज्ञांनी १९५०च्या सुमारास केलेल्या प्रयोगांतून याचा उलगडा झाला. त्यांनी प्रयोगातील प्राण्यांचा हा ठिपका नष्ट केला. मग रक्तात अपोमॉर्फिन हे वांतिकारक औषध टोचले तरी उलटी होईना. पण मोरचूद पोटात दिल्यावर मात्र ती होतच राहिली. म्हणजे रक्ताची वाट आणि पोटाची वाट वेगवेगळ्या आहेत, हे सिद्ध झाले. हे प्रयोग ज्या प्राण्यांवर झाले त्यांत कुत्रीही होती. माणसांच्या मळमळीवर आज जी औषधे मिळतात, त्यांच्यामागे या बिचाऱ्या प्राण्यांचे ऋण आहे, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. उलटी झाली म्हणजे 'पोटच बिघडले' असे समजू नये. मूत्रपिंडे नीट काम करीत नसली, यकृत किंवा स्वादुपिंड सुजले असले, तरीही रक्तातील दूषित पदार्थ त्या ठिपक्यापर्यंत पोचतात आणि कुत्रा ओकतो. पोट धडधाकट असू शकते!

उंदराला मात्र उलटी करताच येत नाही. उंदीर, खारी यांच्या कृंतक गणातील निरनिराळ्या प्राण्यांवर वांतिकारक औषधांचे प्रयोग झाले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकही प्राणी ओकला नाही. आम्लाने भरलेल्या जठराच्या तोंडाशी त्यांचे द्वार फार घट्ट असते आणि मेंदूतही ती कवायत घेणारी जोडणी नसते. कुत्र्याचे अगदी उलट. मिळेल ते, मिळेल तेथे, भराभर गिळायचे आणि नको असलेले मागाहून बाहेर टाकायचे, असा त्याच्या पूर्वजांचा खाक्या. त्यामुळे कुत्रा सहज ओकतो, आणि एखाद्या वेळच्या उलटीने घाबरून जाण्याचे कारण नसते. प्रश्न एवढाच की ही उलटी 'एखाद्या वेळची' आहे की नाही, हे ओळखायचे कसे?

आधी पाहा, मग पुसा

फिनेलची बादली घाईची का, याचे उत्तर येथे आहे. फरशीवर पडले आहे तो पुरावा आहे. डॉक्टरांना मोत्या काही सांगू शकत नाही. त्याच्या वतीने तुम्हालाच सांगायचे असते. म्हणून ओरडा न करता मोत्याला दुसऱ्या खोलीत न्या. लहान भावंडांना दूर ठेवा. खिडक्या उघडा. या खिडक्यांचे महत्त्व पुढे येईलच. मग दोन पावले लांबून नीट पाहा. मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा आणि वेळ लिहून ठेवा. किती वाजता, खाल्ल्यानंतर किती वेळाने, कितव्यांदा. या तीन नोंदी वहीत असल्या तर डॉक्टरांचे निम्मे काम होते.

पहिला प्रश्न : ही खरोखर उलटी आहे का? कुत्र्याने पोट हलवून, उमासे काढून जे टाकले ती उलटी. पण कधीकधी कुत्रा नुसती मान खाली घालतो आणि काहीही कष्ट न पडता अन्न घसरून बाहेर येते. हे अन्न न पचलेले, पुष्कळदा लांबट, नळीच्या आकाराचे असते आणि त्यात पित्ताचा पिवळा रंग नसतो. हे जठरापर्यंत पोचलेच नाही, अन्ननलिकेतूनच परतले. दुखणे अन्ननलिकेचे आहे, पोटाचे नाही. असे वारंवार होत असेल तर हा एकच फरक सांगितल्याने डॉक्टरांची शोधाची दिशा बदलते.

दुसरा प्रश्न रंगाचा. सकाळी उपाशीपोटी पिवळा फेस पडला आणि कुत्रा लगेच शेपूट हलवीत खायला मागू लागला, तर रात्रभर रिकाम्या राहिलेल्या जठरात आतड्यातील पित्त मागे आले एवढाच त्याचा अर्थ बहुधा असतो. अशा कुत्र्याला रात्री निजण्यापूर्वी थोडेसे खायला दिले की पुष्कळदा भागते. गवताची पाती दिसली तर त्यांना फार महत्त्व देऊ नका. कुत्रा पोट बिघडले म्हणूनच गवत खातो, असा समज आहे. पण पुष्कळ धडधाकट कुत्रीही गवत खातात आणि ओकतही नाहीत. पिल्लाच्या उलटीत शेवयांसारखे पांढरे जंत दिसले तर जंतांचे औषध डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे घ्यावे लागेल.

लाल रक्त ओळखायला कोणी शिकवायला नको. फसवतो तो तपकिरी रंग. ओली कॉफीची पूड सांडावी तसे काही दिसले तर तेही रक्तच असते. जठरातील हायड्रोक्लोरिक आम्लाने रक्तातील हीमोग्लोबिनचे रूप बदलते आणि लाल रंगाचा तपकिरी होतो. हा रंग दिसला की वाट पाहू नये.

आणि वस्तू! प्लॅस्टिकची पिशवी, मोज्याचा तुकडा, हाडाचे चूर्ण, दोरा. आपल्याकडे उन्हाळ्यात एक खास वस्तू असते, ती म्हणजे आंब्याची कोय. आंब्याच्या वासाने कुत्रा ती चोखतो आणि गिळतो. कोय जठरात मावते, पण पुढे आतड्यात अडकते. मग सुरुवातीला अन्न, नंतर पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. मक्याच्या कणसाचा दाणे काढलेला दांडाही असाच अडकतो. घरातल्या कोयी मोजून उघड्या टोपलीत टाकणारे कोणी नसते. झाकणाच्या डब्यात टाकणे हाच उपाय.

उंदराचे औषध आणि उघडी खिडकी

आता विषाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे कुत्र्याबरोबर घरातल्या माणसांचाही प्रश्न असतो.

उंदीर मारण्यासाठी जी काळपट राखाडी पूड पिठात कालवून ठेवतात, ती पुष्कळदा जिंक फॉस्फाइडची असते. कोरडी असेपर्यंत ती बरीचशी निरुपद्रवी राहते. जठरातील आम्लाशी गाठ पडली की जिंक क्लोराइड आणि फॉस्फीन हा वायू तयार होतो. मारतो तो हा वायू. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा त्याचा वास येतो. उंदराला ओकता येत नाही, म्हणून विष त्याच्या पोटातच राहते. कुत्रा ओकतो, आणि त्यामुळे कधीकधी वाचतोही. पण त्या उलटीतून फॉस्फीन खोलीत पसरत असतो! अमेरिकेत मिशिगन, आयोवा आणि वॉशिंग्टन या राज्यांतील चार प्राणी-रुग्णालयांत २००६ ते २०११ या काळात असे घडले. जिंक फॉस्फाइड खाल्लेल्या कुत्र्यांवर उपचार करताना त्यांच्या पोटातून निघालेल्या वायूने आठ कर्मचारी आजारी पडले. प्रशिक्षित माणसांची ही गत, तर आपली काय? म्हणून उलटीवर वाकून वास घेऊ नये. हा वायू हवेपेक्षा किंचित जड असतो, तेव्हा जमिनीलगत तो अधिक साठतो. खिडक्या-दारे उघडा, माणसे बाहेर काढा, कुत्र्यालाही मोकळ्या हवेत न्या.

अशा वेळी 'काही तरी खायला घाला म्हणजे विष मंदावेल' असा सल्ला शेजारून हमखास येतो. जिंक फॉस्फाइडच्या बाबतीत तो घातक आहे. अन्न पोटात गेले की जठरात आणखी आम्ल सुटते. आणखी आम्ल म्हणजे आणखी फॉस्फीन. दुसरा सल्ला मिठाचे पाणी पाजून ओकवण्याचा. तोही ऐकू नका. जास्त मिठाने रक्तातील सोडियम वाढून कुत्र्याला झटके येऊ शकतात, म्हणजे एका विषावर दुसरे विष. रॉकेल किंवा आम्ल पोटात गेले असेल तर ओकवणे आणखीच वाईट. जाताना भाजलेली अन्ननलिका येताना पुन्हा भाजते, आणि रॉकेल फुप्फुसात उतरते. ओकवायचे की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. तुम्ही औषधाचे वेष्टन तेवढे बरोबर न्या. उंदरांच्या काही औषधांनी रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते आणि परिणाम तीन ते पाच दिवसांनी दिसू लागतो. म्हणून 'खाल्ले पण ओकला नाही, म्हणजे सुटलो' असेही समजू नये.

स्वयंपाकघरातही कुत्र्याची विषे आहेत, आणि ती आपल्या ताटात बिनधोक असतात, हीच पंचाईत. चॉकलेटमधील थिओब्रोमीन आपले शरीर बऱ्यापैकी लवकर निकालात काढते; कुत्र्याच्या शरीरातून निम्मे थिओब्रोमीन जायला सतरा-अठरा तास लागतात. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे सुमारे २० मिलिग्रॅम पोटात गेले की उलट्या, अस्वस्थपणा अशी लक्षणे दिसू लागतात. दुधाच्या चॉकलेटमध्ये दर ग्रॅमला सुमारे २ मिलिग्रॅम, तर काळ्या कडू चॉकलेटमध्ये ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक थिओब्रोमीन असते. आता १० किलोग्रॅमच्या मोत्याचे गणित तुम्हीच करा. पहिल्या जातीचे शंभर ग्रॅम आणि दुसऱ्या जातीचे अवघे चाळीस ग्रॅम, असे उत्तर येईल.

द्राक्षे आणि मनुका यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे बरीच वर्षे माहीत होते. कारण सापडत नव्हते. २०२१ मध्ये पशुवैद्यांनी त्यातील टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. पाठोपाठ २०२२ मध्ये चिंच खाल्लेल्या कुत्र्यांनाही तोच त्रास झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली, आणि चिंचेत टार्टारिक आम्ल भरपूर असते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा आमटीचा खालचा गाळ कुत्र्याच्या भांड्यात ओतू नये. कांदा-लसणानेही त्याच्या तांबड्या पेशी फुटतात. साखर नसलेल्या च्युइंगममध्ये झायलिटॉल असले तर त्याने कुत्र्याच्या रक्तातील साखर धोकादायक प्रमाणात उतरते.

पावसाळ्यात आणखी एक प्रकार घडतो. अंगणात आलेला खडबडीत कातडीचा बेडूक, म्हणजे भेक, कुत्रा तोंडात धरतो. भेकाच्या डोळ्यांमागील ग्रंथींतून विषारी चीक निघतो आणि कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो. शुद्धीवर असलेल्या, ओळखीच्या कुत्र्याचे तोंड खाली करून, पाणी घशात न जाता बाहेर पडेल अशा बेताने हिरड्या धुवाव्यात आणि डॉक्टरांकडे न्यावे. मात्र कुत्र्याचे वागणे विचित्र असेल, लाळ गळत असून त्याला गिळता येत नसेल, तर तोंडात हात मुळीच घालू नका. 'घशात हाड अडकले असेल' म्हणून माणसे हात घालतात, आणि तो रोग पिसाळण्याचा असू शकतो. लाळ जखमेवर लागली तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात गेले पाहिजे.

केव्हा धावायचे, केव्हा थांबायचे

सगळ्यांत फसवे लक्षण म्हणजे न होणारी उलटी. मोठ्या चणीचा, खोल छातीचा कुत्रा, उदाहरणार्थ ग्रेट डेन किंवा अल्सेशियन, पुन:पुन्हा उमासे काढतो, पण बाहेर काहीच येत नाही, आणि पोट नगाऱ्यासारखे फुगत जाते. त्याचे जठर वायूने फुगून स्वत:भोवती पिळले गेलेले असते. येथे 'सकाळी पाहू' म्हणण्याला वाव नाही. काही तासांत कुत्रा दगावतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना उठवा.

तशीच घाई पिल्लाच्या बाबतीत. लस न टोचलेले पिल्लू ओकू लागले, त्याला घाण वासाचे, रक्तमिश्रित जुलाब होऊ लागले, तर पार्व्हो विषाणूची शंका घ्यावी. हा रोग १९७८ मध्ये प्रथम ओळखला गेला आणि दोन वर्षांत जगभर पसरला, कारण तोपर्यंत कोणत्याच कुत्र्याच्या शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती. आज चांगली लस आहे. तरीही दरवर्षी पिल्ले मरतात ती लस टोचायची राहिली म्हणून.

मोठ्या कुत्र्याने दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा ओकले, पाणीही ठरेना, रक्त किंवा कॉफीचा रंग दिसला, शौच डांबरासारखी काळी झाली, तो मलूल होऊन पडला, पोटाला हात लावू देईना, किंवा उलट्या दुसऱ्या दिवशीही चालू राहिल्या, तर घरगुती उपाय थांबवावेत. गावात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तो फक्त गाई-म्हशींसाठी आहे, हा समज चुकीचा आहे.

याउलट एकदा किंवा दोनदा ओकून मोत्या पुन्हा खेळू लागला असेल, तर त्याच्या जठराला थोडी विश्रांती द्या. आठ ते बारा तास खाणे नाही. पाणी बंद करायचे नाही, पण भांडेभर एकदम प्यायला दिले तर तो ते गटागटा पिऊन तसेच ओकेल. अर्ध्या तासाने दोन-दोन चमचे पाणी ठेवावे. नंतर बिनमिठाचा, बिनमसाल्याचा मऊ भात आणि उकडून कुस्करलेली कोंबडी, किंवा शाकाहारी घरात भात आणि थोडे ताजे दही, असे चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. दूध नको. पिल्लांना आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना मात्र असे उपाशी ठेवू नये. त्यांच्यासाठी डॉक्टरांना विचारावे.

घरातील माणसांच्या गोळ्या देण्याचा मोह तर अजिबात नको. पॅरासिटॅमॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांपैकी कोणतीही गोळी स्वत:च्या अंदाजाने कुत्र्याला देऊ नये. शेवटच्या दोन औषधांनी जठराच्या अस्तराला जखमा होतात, म्हणजे ज्या दुखण्यासाठी गोळी दिली तेच वाढते. (डायक्लोफिनॅकने आणखी कोणाचा घात केला, हे पक्षिमित्रांना माहीत असेल : ते दिलेल्या गुरांची मढी खाऊन आपल्या देशातील गिधाडे मेली, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्याचा वापर बंद करण्यात आला.)

हे करून पाहा

उलटीत जाते ते नुसते अन्न नव्हे, पाणीही जाते. मोठ्या कुत्र्याच्या वजनापैकी सुमारे ६० टक्के पाणी असते. म्हणजे १० किलोग्रॅमच्या मोत्यात सुमारे ६ लिटर. त्यातून अर्धा लिटर गेले, म्हणजे वजनाच्या ५ टक्के, की शरीर तक्रार करू लागते. ही तक्रार कशी वाचायची, हे मोत्या बरा असतानाच शिकून ठेवा. घरातील मोठ्या माणसाला जवळ बसवा, आणि आपल्या, न चावणाऱ्या कुत्र्यावरच हा प्रयोग करा.

खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत हलकेच उचला आणि सोडा. ती पटकन जागेवर बसते. पाणी कमी झालेल्या कुत्र्यात ती तंबूसारखी क्षणभर उभी राहते. मग ओठ उचलून हिरडी बोटाने दाबा. दाबलेली जागा पांढरी पडते. बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावी. हिरडी ओलसर व निसरडी लागते, चिकट लागत नाही. या तीन गोष्टी आठवडाभर रोज पाहून वहीत लिहा. आपल्या कुत्र्याचे 'नेहमीचे' काय, हे ज्याला ठाऊक, त्यालाच 'वेगळे' काय ते दिसते. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मत:च काळ्या असतात, त्यांच्यात हा प्रयोग खालच्या पापणीच्या आतील गुलाबी भागाकडे नुसते पाहून भागवावा लागतो.

आता पुसायला घ्या

पुरावा पाहून झाला, फोटो निघाला, शंका असेल तर थोडा नमुना झाकणाच्या बाटलीत गेला. आता साफसफाई. हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून जाड पुठ्ठ्याने घट्ट भाग उचला. उरलेल्यावर राख किंवा कोरडी माती टाका, म्हणजे द्रव शोषला जातो. धुताना गरम पाणी वापरू नका. अंड्याचा पांढरा बलक तापल्यावर कसा घट्ट होतो, ते आठवा. उलटीतील प्रथिनेही तशीच घट्ट होऊन सतरंजीच्या धाग्यांना चिकटतात. गार पाणी, मग धुण्याची पूड. विकर, म्हणजे एन्झाइम, असलेली पूड मिळाली तर अधिक चांगली, कारण विकरे प्रथिनांचे व स्निग्ध पदार्थांचे तुकडे करतात, आणि वास झाकला न जाता मुळातून जातो. आपल्याला वास गेलासा वाटला तरी कुत्र्याच्या नाकाला तो येतच असतो, म्हणून दुसऱ्यांदाही धुवावे.

शहाबादी फरशी किंवा संगमरवर असेल तर मात्र पुसायला फार उशीर करू नये. दोन्हींत कॅल्शियम कार्बोनेट असते आणि जठरातील आम्लाने ते विरघळते. चकचकीत फरशीवर कायमचा निस्तेज डाग राहतो. शहाबादी फरशीचा फुटका तुकडा कानशीने घासा, निघालेल्या पुडीवर लिंबाचे चार थेंब पिळा आणि भिंगातून पाहा. बारीक बुडबुडे दिसतील, ते कार्बन डायऑक्साइडचे. अशा फरशीवर 'वास जाण्यासाठी' लिंबू किंवा व्हिनेगर चोळणे म्हणजे त्याच कामात भर घालणे. त्यापेक्षा खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावा. तो आम्लाला उदासीन करतो आणि फरशीला धक्का लावत नाही.

पार्व्होची शंका असेल तर मात्र साबण आणि फिनेल पुरे पडत नाहीत. हा विषाणू चिवट आहे. सावलीतल्या जमिनीवर महिनोन्महिने टिकतो. त्याला क्लोरीन लागतो. बाजारात मिळणारे पातळ ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग असे मिसळून, आधी घाण पूर्णपणे काढून धुतलेल्या फरशीवर दहा मिनिटे राहू द्यावे. घाण तशीच असली तर क्लोरीन तिच्यावरच खर्ची पडतो. संडास धुण्याच्या आम्लात ब्लीच चुकूनही मिसळू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो. काम मोठ्या माणसाने, खिडक्या उघड्या ठेवून करावे आणि फरशी वाळेपर्यंत मोत्याला त्या खोलीत येऊ देऊ नये. ज्या सतरंजीला ब्लीच चालत नाही ती त्या आजारात जाळून टाकलेली बरी. आणि नवे पिल्लू घरी आणायचे असेल तर त्याच्या लसी पूर्ण होईपर्यंत त्याला त्या अंगणात सोडू नये.